अंगावर काढलेलं दुखणं : कुणी विचारलं, कुणी ऐकलं



आपल्या मराठीत एक बोलणं आहे, ‘दुखणं अंगावर काढलं.’ ताप असो, कंबर असो, पाळीतली कळ असो, बाई सहज म्हणून जाते, ‘काढलं अंगावर.’ जणू दुखणं म्हणजे उन्हातली वाट, चालत राहिलं की संपणार. पण काही दुखणी अशी असतात की ती संपत नाहीत. पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, अंग बाहेर येणं, ओटीपोटात दुखणं, रक्त कमी असल्यानं येणारी घेरी. यांनी बाई एका दिवसात मरत नाही. ती वीस-तीस वर्षं त्यांच्यासकट स्वयंपाक करते, निंदणी करते, डोक्यावर पाणी आणते. म्हणूनच ही दुखणी कुणाच्या मोजणीत येत नाहीत.

शाळेत आपण राजांच्या लढायांचा इतिहास शिकलो. बाईच्या कंबरदुखीलाही इतिहास असतो. ती कुणी विचारली, कुणी लिहून ठेवली, कुणी खोटी ठरवली, त्यातून काय बदललं, हे सगळं घडलेलं आहे आणि बरंचसं आपल्या महाराष्ट्रात घडलेलं आहे. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

सुरुवात करू १८८२ सालापासून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या वर्षी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं, ते पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला होता आणि त्यावरून सगळ्या बायकांच्या नावानं बोटं मोडली जात होती. ताराबाईंनी सवालच फिरवला. बाई अशी का वागते, असं तुम्ही विचारता. मग तिला त्या कोपऱ्यात कुणी ढकललं, ते का विचारत नाही? हे पुस्तक आजाराबद्दल नाही. पण सवाल फिरवायची ही रीत आपल्या फार कामाची आहे. ‘बायका दुखणं सांगत नाहीत,’ असं सगळे म्हणतात. ताराबाईंच्या रीतीनं आपण विचारू, बायकांना कुणी विचारलं होतं का?

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आणखी एका मराठी बाईनं हा सवाल चारचौघांत मांडला. आनंदीबाई जोशी तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बंगालात श्रीरामपूरला असताना त्यांनी भर सभेत सांगितलं की आपण अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला जाणार. कारण साधं होतं. आपल्या देशात डॉक्टर सगळे पुरुष, आणि बायका आपला आजार पुरुषाला सांगायला, दाखवायला तयार नाहीत. म्हणजे दवाखाना असूनही बाईपुरता तो बंदच.

आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग त्यांच्याकडे द्यायचं ठरलं होतं. पण त्या स्वतःच आजारी होत्या. अमेरिकेला जायच्या आधीपासून डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, धाप लागणं चालू होतं. पुढे क्षय झाला आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. शाळेच्या धड्यात त्यांची पदवी सांगतात, त्यांचं आजारपण दोन ओळींत उरकतात. पण ज्या बाईनं सगळ्या बायकांच्या आजाराची काळजी वाहिली, तिचा सगळा अभ्यास आजारी शरीरानं झाला, ही गोष्ट आपण विसरू नये.

त्याच सुमाराला मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई इंग्लंडला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मग कितीतरी वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटला बायकांचे दवाखाने सांभाळले. न्यायमूर्ती रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा रमाबाई रानडे काही काळ आपल्या नाशकात राहिल्या होत्या. त्याच रमाबाईंच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथून बायका नर्सिंग शिकून बाहेर पडल्या. आज उपकेंद्रात आपल्याला नर्सताई भेटते. तिच्यामागे एवढी मोठी वाट आहे.

म्हणजे विचारणारी बाई मिळाली. पण तिनं काय विचारायचं, हे बराच काळ दुसरेच ठरवत राहिले. बायकांसाठी जे दवाखाने निघाले, त्यांचं पहिलं लक्ष बाळंतपणावर राहिलं. ते गरजेचंच होतं, कारण बाया बाळंतपणात मरत होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये देशात कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली, लोक चिडले आणि त्यानंतर तो भार हळूहळू बायकांकडे सरकला. आज गावात ‘ऑपरेशन झालं का’ असं विचारलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. बाईचं शरीर मोजलं गेलं ते मूल होण्यापुरतं, नाहीतर मूल न होण्यापुरतं. ऑपरेशन झालेल्या तीस वर्षांच्या बाईच्या पुढच्या चाळीस वर्षांत तिला काय दुखतं, याला कुठल्या रजिस्टरात रकाना नव्हता.

तो रकाना पहिल्यांदा नीट आखला गेला गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याजवळ बाया जे सांगत होत्या ते डॉक्टरकीच्या पुस्तकात फारसं नव्हतं. मग दोन गावांत त्यांनी एक साधी पण कुणी न केलेली गोष्ट केली. दवाखान्यात आलेल्याच बायांना न तपासता, गावातल्या सगळ्याच बायकांना तपासायचं ठरवलं. लग्न झालेल्या, न झालेल्या, म्हाताऱ्या, पोरी. त्यासाठी गावाशी बोलणं केलं, बायांचा विश्वास मिळवला. ६५० बायांची तपासणी झाली.

त्यातून निघालं ते असं. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियाचा कुठला ना कुठला आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनच्या वर आजार. आणि याआधी अशी तपासणी कधी झाली होती? शंभरात जेमतेम आठ जणींची. हे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आले. गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, असं धरून चाललेल्या जगाला गडचिरोलीतल्या दोन खेड्यांनी खडबडून जागं केलं.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही असं विचारणं झालेलं आहे. ‘सेहत’ या संशोधन संस्थेच्या नेहा माधीवाला, सुनील नंदराज आणि रूपाश्री सिन्हा यांनी नाशिक जिल्ह्यातल्या बायकांचे आजार आणि बाळंतपणं यांचा घरोघरी अभ्यास केला. तो २००० मध्ये पुस्तकरूपानं आला. त्यातली एक गोष्ट आपण पदराला गाठ मारून ठेवावी. ‘घरात कुणी आजारी आहे का’ असं मोघम विचारलं की बाई स्वतःचं फार थोडं सांगते. पण नावं घेऊन विचारलं, म्हणजे कंबर दुखते का, अंगावरून जातं का, लघवीला जळजळ होते का, थकवा येतो का, की तीच बाई भराभर सांगू लागते. पहिल्या सवालाला ती खोटं बोलत होती का? नाही. तिच्या लेखी ‘आजार’ म्हणजे ज्यानं माणूस अंथरुणाला खिळतं ते. उभी राहून भाकरी थापता येते, तोवर ती स्वतःला आजारी समजतच नव्हती.

आता थोडं थांबू आणि विचार करू. बाईचं दुखणं असं लपून का राहतं? जगभरच्या स्त्रीवादी विचारवंत बायांनी यावर खूप डोकं चालवलं आहे. तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याला वाटतं, आपलं काम नाही. पण ते आपल्याच घरातलं आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्या म्हणतात, अन्याय फक्त पैशाचा आणि जमिनीचा नसतो, जाणण्याचाही असतो. त्याचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. पहिला असा की, माणूस सांगतंय, पण ते कोण आहे हे बघून त्याचं बोलणं हलकं धरलं जातं. दुसरा असा की, आपल्यावर जे बेततंय त्याला समाजात शब्दच नसतो, म्हणून ते सांगताही येत नाही आणि धड समजतही नाही.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण फार जुनं आहे. ग्रीक वैद्य म्हणत, बाईची गर्भपिशवी जागा सोडून अंगात भटकते आणि त्यानं तिला झटके येतात, श्वास कोंडतो. ग्रीक भाषेतल्या गर्भपिशवीच्या शब्दावरूनच ‘हिस्टेरिया’ हे नाव आलं. पुढे शेकडो वर्षं बाईच्या कितीतरी तक्रारींवर डॉक्टर हेच नाव चिकटवत राहिले. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून ते निघालं कधी? १९८० मध्ये. आपल्याकडे नाव वेगळं, तऱ्हा तीच. ‘हिला बाहेरचं झालंय,’ ‘नाटकं करते,’ ‘कामाचा कंटाळा आलाय.’ रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागते, चक्कर येते, उठवत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. विचार करा, त्यातल्या किती जणींना ‘आळशी’ हे नाव मिळालं असेल.

दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र आम्हाला थोडं वेगळं म्हणायचं आहे. आपल्या बायांकडे शब्द आहेत. धुपणी, पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, हातापायाला मुंग्या, डोळ्यापुढं अंधारी. प्रत्येक शब्दात नीट पाहिलेलं, भोगलेलं ज्ञान आहे. पण हे शब्द चुलीपाशी आणि नदीवर राहिले, दवाखान्याच्या केसपेपरवर चढले नाहीत. डॉक्टर इंग्रजीत लिहितो, बाई पदराआड पुटपुटते, आणि मधली जागा रिकामी राहते. काही दुखण्यांना मात्र खरोखरच आपल्याकडे नाव नव्हतं. पाळीत जीव नकोसा करणारी कळ येते, वर्षानुवर्षं येते, तिच्यामागे कधीकधी ‘एंडोमेट्रिओसिस’ नावाचा आजार असतो. पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येणाऱ्या वयातल्या दहांतल्या एकीला हा आजार असतो. पण ‘पाळीत दुखायचंच’ असं सगळ्यांनी ठरवल्यावर तो शोधायला जाणार कोण?

आता कुणी म्हणेल, सांगितलं, ऐकलं, विश्वासही ठेवला. पुढे काय? दवाखान्याला पैसे लागतात, एसटीचं भाडं लागतं, दिवस मोडावा लागतो. ते कुणाच्या हातात? इथं आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या घटनेची आठवण काढायला हवी. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. राज्यभरातून शेतकरी बाया प्रचंड संख्येनं आल्या, कित्येकींनी भाकरी बांधून आणल्या होत्या. शेतात राबणाऱ्या बाईचे कष्ट कुणी मोजत नाही, मालमत्तेत तिचं नाव नाही, हा प्रश्न तिथं मांडला गेला. पुढे याच संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, आपल्या जमिनीतला वाटा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करायची. सातबारा आणि कंबरदुखी यांचा काय संबंध, असं वाटेल. पण जिच्या नावावर काही आहे, जिच्या हाती चार पैसे आहेत, ती ‘मी उद्या दवाखान्यात जाणार’ असं म्हणते. जिच्याकडे नाही, ती ‘मला नेता का’ असं विचारते. या दोन वाक्यांमधलं अंतर आपल्या बचत गटांनी थोडं कमी केलं आहे, हे आपण जाणतोच.

आता सगळ्यात कठीण गोष्ट सांगतो. बाई बोलली, डॉक्टरपर्यंत पोचली, तरी अन्याय संपतोच असं नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. निफाड-दिंडोरीकडच्या उसाच्या फडांवर उतरणाऱ्या टोळ्या आपणही बघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. फडावर ना मोरी, ना पाणी, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. जड मोळ्या उचलून, संसर्ग होऊन बाया आजारी पडतात. दवाखान्यात गेल्यावर त्यांच्यातल्या कितीतरी जणींना एकच उपाय मिळाला, पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी गेली की खाडा नाही, पुढं कॅन्सरची भीती नाही, असं सांगून, समजून, तरण्या वयात.

इथं आपल्याला नीट पाहायला हवं. कुणी त्या बाईचं ऐकलंच नाही असं नाही. तिचं अर्धं ऐकलं गेलं. ‘पोटात दुखतं’ एवढं ऐकलं, पण ‘कुठं काम करता, काय उचलता, पाणी मिळतं का, विश्रांती कधी’ हे कुणी विचारलं नाही. फ्रान्सच्या सिमोन द बोव्हार यांनी १९४९ मध्येच त्यांच्या मोठ्या ग्रंथात हा मुद्दा मांडला होता की बाईचं शरीर तिच्या जगण्यापासून सुटं काढून समजत नाही. दुखणं पिशवीत दिसतं, पण त्याची मुळं फडात, मुकादमाच्या वहीत, नसलेल्या मोरीत असतात. पिशवी निघाली, मुळं तिथंच राहिली. वर हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा निघणं, असे नवे त्रास बायांच्या वाट्याला आले. बीजकोशही काढले असतील तर ते जास्तच.

यावर आवाज उठला, तसा फरकही पडला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिला की गरज नसताना होणाऱ्या पिशवीच्या ऑपरेशनांवर देखरेख ठेवा, केंद्र सरकारनं आखलेले नियम लागू करा.

मग आपण काय करायचं? आम्हाला वाटतं, ज्या गोष्टी डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी केल्या त्यातली पहिली गोष्ट आपला गट करू शकतो. नाव घेऊन विचारायचं. बैठकीत हप्ते गोळा झाले की महिन्यातून एकदा एकमेकींना विचारा, अंगावरून जातं का, कधीपासून, कुठलं काम केलं की वाढतं. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही, ही आधी शपथ. जिला लिहिता येतं तिनं लिहून द्यावं, आणि तो कागद घेऊन दवाखान्यात जावं. एकटीनं न जाता दोघींनी जावं. आशाताईला सोबत घ्यावं.

‘पिशवी काढा’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका आणि लगेच होही म्हणू नका. चार गोष्टी विचारा. नेमका आजार काय? तपासणीत काय दिसलं? आधी औषधानं बघता येईल का? बीजकोश ठेवणार ना? मग सिव्हिलमध्ये किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे एकदा दाखवा. कधीकधी ऑपरेशन खरंच जीव वाचवतं, कॅन्सर असला तर टाळून चालत नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही अंगावर काढू नका.

आणि एक शब्द आपल्या सासवांसाठी, आजींसाठी. ‘आम्ही नाही का काढलं अंगावर?’ असं त्या म्हणतात तेव्हा आपण चिडतो. पण त्या खरं सांगतात. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, जवळ नर्स नव्हती, हातात पैसा नव्हता, म्हणून त्यांनी काढलं. त्यांची सहनशक्ती खरी होती आणि तिची किंमत त्यांच्या हाडांनी मोजली. आज घरी गेल्यावर त्यांनाच पहिलं विचारा, ‘आई, तुमचं काय दुखत होतं तेव्हा?’ त्या सांगतील ते शांतपणे ऐका. बायकांच्या आजाराचा जो इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही, तो त्यांच्याजवळ आहे.